मेणाची मूठ

दुपारचा चहा घेऊन हत्तीण आपल्या टेबलाशी परत आली, तेव्हा टेबलावर तिचा स्वतःचा अंगठा पडलेला होता. अंगठा म्हणजे अंगठ्याचा खड्डा. पण आपला खड्डा माणूस बरोबर ओळखतो. दाराला बसवायची एक लांबट मूठ, पांढरीशुभ्र, प्लास्टिकची, आणि तिच्या वरच्या अंगाला, जरा डावीकडे, हा खड्डा, नखाच्या बारीक रेघेसकट. सकाळच्या मीटिंगपर्यंत हीच वस्तू तपकिरी मेणाची होती, तिच्या ॲप्रनच्या खिशात होती, अंगाइतकी ऊन होती, आणि ती आहे हे जगात तिच्याशिवाय कुणाला ठाऊक नव्हतं. आता मान वर करून पाहिलं तर पलीकडच्या टेबलावर तशीच एक, खिडकीपाशी दोन, आणि टपाल बघणाऱ्या बाईंनी तर एकीखाली कागद दाबून ठेवले होते, पंख्याने उडू नयेत म्हणून. पोटातलं पोर आपण चहाला जाऊन येईपर्यंत परस्पर शाळेत जायला लागावं, आणि तेही एकाची पाच होऊन, असं काहीसं तिला झालं. तिने खुर्ची ओढली, बसली, आणि त्या पांढऱ्या मुठीला हात लावला नाही.

हत्तीण हे काही तिचं नाव नव्हे, आणि अंगाने तर ती काडी. नाव पडायला तिचे यजमान कारण. कुलपं, कड्या, बिजागऱ्या आणि दाराच्या मुठी करणाऱ्या या कंपनीत ती नमुने करते. कारखान्यातून हजारांनी निघणारी मूठ आधी एकदा कुणीतरी हाताने घडवावी लागते, ती ती घडवते. यजमान जीवशास्त्राचे मास्तर, आता निवृत्त. कधीकाळी कंपनीच्या एका समारंभात तेव्हाच्या साहेबांनी मास्तरांना हसत विचारलं होतं, "तुमच्या बाई एका हँडलला दीड-दोन वर्षं लावतात. घरी स्वयंपाक होतो तरी कधी?" मास्तरांनी हातातली बशी खाली ठेवली. बशी खाली ठेवली की धडा सुरू होतो, हे त्यांच्या विद्यार्थ्यांना ठाऊक होतं, साहेबांना नव्हतं. "उंदरीण तीन आठवड्यांत डझनभर पिल्लं देते," मास्तर म्हणाले. "आंधळी, उघडी. त्यातली काही ती स्वतःच खाते. हत्तीण जवळजवळ दोन वर्षं घेते, पण तिचं पिल्लू जन्मल्यावर थोड्या वेळात उभं राहतं आणि कळपाबरोबर चालू लागतं. तुम्हाला काय हवंय ते आधी ठरवा." साहेब खो खो हसले आणि दुसऱ्या दिवसापासून ती हत्तीण झाली. तिला राग आला नाही, उलट जरा बरंच वाटलं. शाळांच्या, दवाखान्यांच्या, वाचनालयांच्या दारांना तिच्या मुठी होत्या. रोज हजारो हात त्या धरत आणि कुणाच्या लक्षातही येत नसे. चांगल्या मुठीची खूण तीच. आपलं काम आपल्याला येतं याबद्दल तिच्या मनात तिळमात्र शंका नव्हती, आणि ती नम्रतेचं सोंगही आणत नसे.

तिची रीत अशी की ती कागदावर काही काढत नाही. मनात काही रुजलंय असं वाटलं की मेणाचा एक गोळा ॲप्रनच्या उजव्या खिशात टाकते आणि विसरल्यासारखं करते. अंगाच्या उबेने मेण मऊ राहतं. बोलताना, जिना चढताना, कुणाची वाट बघताना हात खिशात जातो आणि गोळ्याला थोडं इकडे, थोडं तिकडे करतो. बघायचं मात्र नाही. डोळा चोंबडा असतो. त्याला काही दिसलं रे दिसलं की तो म्हणतो हे अमक्यासारखं झालं, आणि मग ते बापडं अमक्यासारखंच होऊन बसतं. हाताला अशी घाई नसते. महिने जातात, गोळा खिशात लोळत राहतो, आणि मग एके दिवशी हात थांबतो, कारण त्याला करायला काही उरलेलं नसतं. तेव्हाच तो बाहेर काढायचा. हा नियम तिने एवढ्या वर्षांत कधी मोडला नव्हता, आणि आज सकाळी मोडला.

नवे साहेब वाईट नव्हते. सगळ्यांना नावानिशी ओळखत, दार लोटून घेण्याआधी मागून कुणी येतंय का ते बघत. मीटिंगमध्ये एकेकाला काय चाललंय विचारत ते तिच्यापर्यंत आले आणि म्हणाले, "आणि आमच्या हत्तीणबाई? अजून पोटातच का?" सगळे हसले. तीही हसली. पण हसता हसता तिच्या लक्षात आलं की खिशातला हात आवळला गेलाय, अंगठा मेणात रुतलाय, आणि दुसऱ्याच क्षणी तोच हात बाहेर येऊन गोळा टेबलावर ठेवत होता. "ज्यांचे हात थरथरतात त्यांच्यासाठी," ती म्हणाली. एवढंच म्हणाली. खोलीत गारवा होता. उजेडात मेण काळपट दिसत होतं. सगळे एकदम बोलायला लागले. वा, काय कल्पना आहे. आणि हा अंगठ्याचा खड्डा, कमाल आहे, थरथरणाऱ्या अंगठ्याला घर मिळालं. खड्डा रागाचा होता, त्याला जेमतेम अर्धं मिनिट झालं होतं, पण हे सांगायला तोंड उघडेपर्यंत स्कॅनरवाला प्लास्टिकच्या प्रती काढायला गोळा उचलून घेऊन गेला होता आणि साहेब म्हणत होते, शुक्रवारी साचा कापायला घेऊ, यंत्र रिकामं आहे. साचा पोलादाचा. तो एकदा कापला की अंगठ्याचा खड्डा पोलादात कायमचा. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते असं, आणि इतक्या शब्दशः.

आता खुर्चीत बसून ती त्या पांढऱ्या वस्तूकडे बघत होती आणि तिला आठवत होतं ते पाणी. गेल्या हिवाळ्यातली एक सकाळ. ती स्वयंपाकघरात चहाचं आधण ठेवत होती आणि न्हाणीघराच्या दाराची गोल मूठ आतून खडखडली. थांबली. परत खडखडली. मास्तरांचा उजवा हात तेव्हा वर्षभर थरथरत होता. डॉक्टरांनी त्याला एक नाव दिलं होतं, ते दोघांनीही घरात आणलं नव्हतं. वर्तमानपत्र ते हातात न धरता टेबलावर पसरून वाचायला लागले होते, कारण हातात धरलं की ते सळसळे. दाराची मूठ तिसऱ्यांदा खडखडली. ती जाऊन दार उघडू शकली असती, पाच पावलं होती. पण मग आपण ऐकलं हे त्यांना कळलं असतं. म्हणून तिने नळ सोडला, पुरा, भांड्यावर पाणी आदळेल असा, आणि दार उघडेपर्यंत सोडून ठेवला. त्या दिवसापासून रोज सकाळी ती नळ सोडत आली. आणि त्याच दिवशी कधीतरी तिच्या उजव्या तळव्यात एक जडपणा येऊन बसला. कल्पना अशी काही नव्हती, आकार तर नव्हताच. नुसतं भरल्यासारखं. तिला अनुभवाने माहीत होतं की हे काय आहे, आणि कंपनीत गेल्या गेल्या तिने गोळा खिशात टाकला.

मग डोहाळे लागले. जुन्या मुठींचा स्पर्श नकोसा झाला, बँकेत शिरताना ती खांद्याने दार ढकलू लागली. उलट बटाटे, बाटल्यांचे गळे, जिन्याच्या कठड्याचा गुळगुळीत झालेला शेवटचा गोल, यांना हात लावल्याशिवाय राहवेना. भाजीवाली एकदा म्हणाली, "ताई, घ्यायचेत का नुसते कुरवाळायचेत?" ती घरी येऊन मास्तरांना सांगायला गेली आणि ओठावर आलेलं परत पोटात घातलं, कारण का कुरवाळत होते हे सांगावं लागलं असतं. मास्तरांना ती मुठीबद्दल काही बोलली नव्हती. पुरी झाली की एके दिवशी न्हाणीघराच्या दाराला बसवून टाकायची, काही न बोलता, असं तिने ठरवलं होतं. मास्तर दार उघडून बाहेर येतील, दार उघडलं हे त्यांच्या लक्षातही येणार नाही. तेवढ्यासाठी हे सगळं होतं. शाळा-दवाखान्यांच्या मुठी नंतरच्या, ही एक.

पाच वाजता तिने मेणाचा गोळा स्कॅनरवाल्याकडून परत घेतला. तो थंड आणि टणक झाला होता. तो आणि टेबलावरची पांढरी मूठ दोन्ही पर्समध्ये टाकून ती निघाली. रस्त्यावर नेहमीची गर्दी होती, दुकानांची दारं उघडत होती, मिटत होती. मास्तर वर्गात सशाबद्दल सांगत ते तिला आठवलं. सशीण फार घाबरली, अन्न तुटलं, तर पोटातली पिल्लं तिचं शरीर परत शोषून घेतं. रक्त नाही, खूण नाही. पोट जरा हलकं, बस्स. तिच्याही अशा पुष्कळ मुठी विरून गेल्या होत्या. एखाद्या सकाळी हात खिशात जाई आणि तिथे नुसतं मेण असे. तिने कधी त्यांचा शोक केला नाही. जे विरतं ते अंगातच राहतं आणि पुढच्या एखाद्या मुठीच्या बाकात निघतं, हे तिला माहीत होतं. पण हे तसं नव्हतं. हे विरलं नव्हतं, अवेळी बाहेर पडलं होतं, आणि लोक त्याचं कौतुक करत होते. चौकात सिग्नलला उभं असताना तिने पर्समध्ये हात घालून पांढरी मूठ धरून पाहिली. छान बसली. अंगठा खड्ड्यात नीट जाऊन विसावला. तिला स्वतःच्या हाताचा राग आला.

आणि मग सिग्नल हिरवा झाला तरी ती तिथेच उभी राहिली, कारण तिला लेक आठवली होती. आता परदेशात नोकरी करणारी, फोनवर आईला व्यायामाचे धडे देणारी ही बाई अवेळीच जन्मली होती. एवढीशी, कातडी पातळ, रडायचाही जोर नाही. हत्तीण तेव्हा तापाने फणफणलेली, मूल जवळ घ्यायची बंदी. दवाखान्यातल्या सिस्टरनी मास्तरांना सदरा काढायला सांगितला आणि पोर त्यांच्या छातीशी ठेवून वरून फडक्याने बांधून टाकली. आठवडेच्या आठवडे मास्तर तसे खुर्चीत बसून होते. येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत, "मी सध्या कांगारू आहे. कांगारूचं पोर घेवड्याच्या दाण्याएवढं असताना बाहेर पडतं. ते अपुरं आहे म्हणून कुणी गळा काढत नाही. त्याला पिशवी लागते फक्त." तेव्हा त्यांचे हात स्थिर होते, एक हात पोरीच्या पाठीवर, सगळी पाठ त्या एका हातात मावत होती. मागून कुणीतरी हॉर्न वाजवला आणि हत्तीण रस्ता ओलांडून घरी गेली.

मास्तर खिडकीपाशी बसले होते, टेबलावर वर्तमानपत्र पसरलेलं. "चष्मा आणलास का दुरुस्त करून?" त्यांनी विचारलं. "पर्समध्ये आहे," ती स्वयंपाकघरातून म्हणाली आणि पातेलं घ्यायला वाकली, आणि वाकल्या वाकल्याच तिला कळलं की आपण काय बोललो. चेन उघडल्याचा आवाज आला. मग टेबलाच्या लाकडावर प्लास्टिकचा आवाज, टकटक टकटक टकटक, बारीक, भरभर, थांबता न थांबणारा. तिचा हात आपोआप नळाकडे गेला. नळाच्या चकतीवर बोटं टेकली. आणि तिने नळ सोडला नाही. आपण का सोडला नाही हे तिला नंतरही नीट सांगता आलं नसतं. दिवसभरात एकदा बाहेर पडलेली वस्तू आता कितीही पाण्याने झाकली जाणार नव्हती, एवढं खरं. ती हात पुसत बाहेर आली.

"हे काय आहे?" मास्तर म्हणाले.

"हँडल."

"ते दिसतंय. जीवशास्त्र शिकवलं म्हणून इतकंही कळत नाही असं नाही. कुणाचं?"

ती समोरच्या खुर्चीत बसली. "तुमचं," ती म्हणाली.

मास्तरांनी मूठ उलटसुलट केली. "तरीच," ते म्हणाले. "मी म्हणतोय, रोज सकाळी ही नळ एवढा मोठा का सोडते. एकदोनदा बोलणार होतो, पाणी वाया जातं म्हणून. मग म्हटलं जाऊ दे, तिला बरं वाटत असेल."

हत्तिणीला हसू आलं. एवढे महिने दोघं एकाच दाराच्या दोन बाजूंना एकमेकांपासून एकच गोष्ट लपवत बसले होते, आणि झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणत मधल्या मध्ये टाकीभर पाणी गेलं होतं.

"बघू," मास्तर म्हणाले आणि दार उघडतात तशी त्यांनी ती मूठ धरली. अंगठा खड्ड्यात गेला, राहिला नाही, काठावर आपटला, परत आत आला, परत आपटला. "छान आहे," ते म्हणाले. "पण ही तुझी आहे. तुझ्या हाताची. माझा अंगठा एका जागी बसत नाही गं, त्याला फिरायला जागा लागते. ह्या खड्ड्यात तो कोंडल्यासारखा होतो."

ती त्या अंगठ्याकडे बघत राहिली. आयुष्यात कधी नव्हे ती इतकी उघडी चूक तिच्या समोर टकटक करत होती. तिला वाटलं होतं खड्डाच तेवढा चुकला, बाकीचं पोटात व्यवस्थित वाढत होतं. पण बाकीचंही तिच्याच हाताने केलेलं होतं. तिच्या स्थिर, शहाण्या, वाखाणलेल्या हाताने, महिनोन् महिने, खिशाच्या अंधारात. थरथरणाऱ्या हाताची मूठ न थरथरणाऱ्या हाताने. ज्याचं होतं त्याला विचारायचं तेवढं राहून गेलं होतं, आणि ते प्रेमापोटी राहून गेलं होतं, हे तर आणखीच वाईट.

"मला विचारलं का नाहीस?" मास्तर म्हणाले. त्यांचा आवाज चढला नव्हता, पण ते दुखावले होते, आणि तिने ते ऐकलं.

"चुकलं," ती म्हणाली. "मला वाटलं, असल्या गोष्टी एकट्यानेच पोटात वाढवायच्या असतात."

मास्तरांनी मूठ टेबलावर ठेवली. तिला ती हालचाल ओळखीची होती. "वार कोण तयार करतं?" त्यांनी विचारलं. "बाळ पोटात असताना त्याला खायला-प्यायला मिळतं ते वारेतून. ती वार कुणी केलेली असते?"

"आईने."

"नापास. बहुतेक सगळी पोरच करतं. दाण्याएवढं असतं तेव्हाच आईच्या अंगात मुळं घालतं आणि आपल्याला काय हवं ते ओढून घेतं. आई जागा देते आणि अडवत नाही. आता अडवत नाही हेही काही कमी नाही म्हणा."

ती उठली आणि साहेबांना फोन लावला. मास्तरांसमोरच लावला. "साचा थांबवा," ती म्हणाली. साहेब म्हणाले, मॅडम, सगळ्यांना इतकं आवडलंय. ती म्हणाली, कागदांवर ठेवायला चांगलंच आहे, ते राहू द्या. साहेब समजुतीने म्हणाले की शुक्रवारी यंत्रावर दुसरं काम घ्यावं लागेल, आणि मग ही मूठ या वर्षी होणार नाही, पुढचं त्यांना सांगता येत नाही, कदाचित राहूनच जाईल. "चालेल," हत्तीण म्हणाली. "आणखी किती दिवस लागतील तेवढं तरी सांगा," साहेब म्हणाले. "ते मला माहीत नाही. आणि खड्डा माझ्या रागाचा होता, तो पुसून टाका." फोन ठेवल्यावर तिच्या लक्षात आलं की आपला आवाज एकदाही कापला नाही, आणि तिला आपल्याबद्दल पहिल्यासारखं वाटायला लागलं.

तिने पर्समधून मेणाचा गोळा काढला. तो दगडासारखा झाला होता. मास्तरांच्या बोटांना तो दबेना. "थांबा, गरम पाण्यात टाकते," ती म्हणाली.

"कशाला? दे इकडे," मास्तर म्हणाले. त्यांनी डाव्या हाताने सदऱ्याची वरची दोन बटणं सोडली, त्याला वेळ लागला, तिने मदत केली नाही. मग त्यांनी गोळा आत छातीशी सरकवला आणि वर तळवा ठेवला. "सवय आहे मला."

जेवण होईपर्यंत मेण मऊ झालं होतं. मास्तरांनी ते हातात घेतलं आणि हत्तिणीने आपले दोन्ही हात मांडीखाली घालून ठेवले, कारण ते मधे गेल्याशिवाय राहिले नसते. हात थरथरत होता आणि मेण त्याला जागा देत होतं. खड्ड्याचा काठ हळूहळू ढासळला, पसरला, त्याची एक उथळ, रुंद वाट झाली, अंगठा तिच्यात इकडून तिकडे जाई आणि कुठेही आपटत नसे. खालच्या अंगाला करंगळीपाशी तिने कल्पनाही केली नव्हती असा एक फुगवटा येत होता. अमक्यासारखं असं ते कशासारखंच दिसत नव्हतं. अजून काही झालेलं नव्हतं, पुष्कळ बाकी होतं, पण जे होतं ते चालू होतं. "कंटाळा आला तर सांगा," ती म्हणाली. "तू हत्तीण," मास्तर म्हणाले, "आणि कंटाळा मला विचारतेस?" मग त्यांनी गोळा परत सदऱ्यात टाकला.

सकाळी तिने आधण ठेवलं. न्हाणीघराच्या दाराची गोल मूठ आतून खडखडली. नळ बंद होता. ती ओट्यापाशी उभी राहून ऐकत होती, पहिल्यांदाच नीट, आवाज कुठे भरभर होतो, कुठे क्षणभर थांबतो, मूठ कोणत्या बाजूला निसटते. मूठ दुसऱ्यांदा खडखडली.

"पाणी गेलंय का आज?" मास्तरांनी आतून विचारलं.

"नाही. मी ऐकतेय."

मग मूठ फिरली, दार उघडलं, आणि मास्तर उंबऱ्यात उभे राहिले, ओल्या केसांनी, सदऱ्याचा खिसा मेणाने ओघळलेला.

"कळलं का काही?"

"थोडं. शेवटी निसटते तेव्हा तुम्ही काय करता ते नाही कळलं."

"परत करू?"

"करा," ती म्हणाली आणि गॅस बारीक केला. मास्तरांनी उघडलेलं दार पुन्हा लावून घेतलं आणि आतून पहिल्यापासून सुरुवात केली.